रिकाम्या यंत्राचे दान

या सदरात आजवर मी सर्दी-पडशापासून सर्पदंशापर्यंत लिहीत आलो आहे. संगणकावर लिहिण्याची पाळी येईल असे कधी वाटले नव्हते. पण एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खेळ खेळण्यासाठी त्याने हट्टाने महागातला संगणक घेतला, आणि गेले दोन महिने तो रात्री झोपतानाही यंत्र बंद करीत नाही. विचारले तर म्हणतो, ‘‘बाबा, ते कॅन्सरचं संशोधन करतंय.’’ पत्रलेखकांचा प्रश्न असा की, डॉक्टर, हे खरे आहे की पोरगा आम्हाला बनवतो आहे? आणि खरे असेल, तर आजारी माणसाला त्याचा काही उपयोग होतो का?

मुलगा बहुधा खरे बोलतो आहे, हे आधी सांगून टाकतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येणार नाही, म्हणून आजचा सगळा मजकूर त्यावरच खर्च करतो.

वाचकहो, औषध शरीरात कसे काम करते हे समजावताना आम्ही डॉक्टर मंडळी कुलूप-किल्लीचा दाखला देतो. जंतूच्या किंवा पेशीच्या अंगात प्रथिने असतात, ती कुलपे. औषधाचा रेणू म्हणजे किल्ली. किल्ली नेमकी बसली की काम फत्ते. दाखला सोपा आहे, पण थोडा फसवा आहे. हे कुलूप लोखंडाचे नसते. ते गोगलगायीसारखे सतत आकुंचन-प्रसरण पावत असते. एखादी खाच क्षणाच्या लहानशा अंशापुरती उघडते आणि मिटते. ती खाच सापडली तर तिथे किल्ली बसवता येते. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला ही हालचाल टिपता येत नाही. ती गणिताने काढावी लागते, आणि ते गणित इतके अवाढव्य असते की एका संगणकाला आयुष्य पुरणार नाही.

मग युक्ती काय केली? आपल्याकडे लग्नघरी पोतेभर गहू निवडायचे असले की ते सुपासुपाने गल्लीत वाटून देतात. ज्या घरची बाई जेव्हा मोकळी होईल तेव्हा ती आपला वाटा निवडते आणि परत पाठवते. तसेच हे. मोठ्या गणिताचे बारीक तुकडे करायचे, ते जगभरच्या घरोघरच्या संगणकांना इंटरनेटवरून पाठवायचे, आणि मालक झोपला असेल किंवा चहाला गेला असेल तेव्हा त्या यंत्राने ते सोडवून परत धाडायचे. कोणी चुकारपणा केला की काय हे कळावे म्हणून काही ठिकाणी तोच तुकडा दोन घरांना देऊन उत्तरे ताडून पाहतात.

ही कल्पना नवी नाही. १९९९ साली अमेरिकेतील बर्कले येथून परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचा माग काढण्यासाठी असाच उपक्रम सुरू झाला. हौशी लोकांनी त्याला लाखोंनी यंत्रे दिली. २०२० च्या मार्चअखेर त्याने नवे काम वाटणे थांबवले. परग्रहावरच्या मंडळींचा पत्ता लागला नाही, पण पद्धत रुजली. २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून ‘फोल्डिंग ॲट होम’ सुरू झाले. त्याचे काम प्रथिनांच्या घड्यांचे. २००४ मध्ये आयबीएम कंपनीने ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ काढले. २०२१ साली ते टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे सोपवण्यात आले. आपल्या पत्रलेखकांचा मुलगा बहुधा यांपैकीच एखाद्यात सामील झाला असावा.

या धंद्याला खरा बहर आला तो कोविडच्या वेळी. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये माणसे घरात कोंडलेली, हाताला काम नाही, मनात भीती. अशा वेळी दहा लाखांहून अधिक लोकांनी फोल्डिंग ॲट होमला आपली यंत्रे जोडून दिली. सगळ्यांची मिळून ताकद त्या वेळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या महासंगणकाच्याही पुढे गेली. या अफाट शक्तीने कोरोना विषाणूच्या प्रथिनांची जी हालचाल गणिताने काढली, तिचा एकूण काळ भरला ०.१ सेकंद. होय, सेकंदाचा दहावा भाग. माझ्या एका मित्राला हे सांगितले तर तो हसला. पण त्या दहाव्या भागात विषाणूचा काटा कसा उमलतो आणि पूर्वी न दिसलेल्या खाचा कुठे उघडतात हे दिसले. २०२१ मध्ये ते ‘नेचर केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

लाट ओसरली तशी पुष्कळांनी यंत्रे काढूनही घेतली. मला यात नवल वाटले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजे बंद झाली की रक्तपेढ्यांची कपाटे रिकामी होतात. तो अनुभव आम्हाला दरवर्षीचा आहे. भीती असते तोवर दान असते.

माझा स्वतःचा जीव मात्र गुंतला आहे तो क्षयरोगात. वैद्यकीय महाविद्यालयात असताना थुंकीच्या काचपट्टीवर रंग टाकून आम्ही क्षयाचे जंतू शोधत असू. निळ्या पार्श्वभूमीवर लालचुटुक बारीक काड्या. त्या लालच का राहतात? कारण जंतूच्या अंगावर मेणासारखा जाड थर असतो. एकदा शिरलेला रंग त्यातून आम्लानेही धुऊन निघत नाही. हाच थर औषधांनाही आत येऊ देताना कुरकुरतो. २०१६ साली इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी याच मेणाच्या रेणूंचा अभ्यास वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर, म्हणजे घरोघरच्या दानातल्या संगणकांवर सुरू केला. हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती काचपट्टी उभी राहिली.

आता कोणी विचारील, एवढ्या मोठ्या रोगाच्या अभ्यासाला दानाच्या यंत्रांवर अवलंबून राहण्याची वेळ का यावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात १ कोटी ८ लाख माणसांना क्षय झाला आणि साडेबारा लाख दगावली. रोग्यांपैकी सुमारे २६ टक्के आपल्या देशातले. रोग मोठा आहे, पण रोगी गरीब आहे, आणि खरे कारण हेच. रिफाम्पिसिन १९६० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले. त्यानंतर क्षयावरचे खरोखर नव्या जातीचे औषध, बेडाक्विलिन, अमेरिकेत मंजूर झाले ते २०१२ च्या अखेरीस. मध्ये चाळीसेक वर्षे! याच काळात रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या किती गोळ्या निघाल्या ते माझ्या टेबलावरची कंपन्यांची कॅलेंडरे सांगतील.

आमच्या तालुक्यातला एक सुतार मला आठवतो. त्याला औषधांना दाद न देणारा क्षय झाला. त्या काळी उपचार जवळपास दोन वर्षांचा, आणि त्यात कित्येक महिने रोज कानॅमायसिनचे इंजेक्शन. गडी वाचला, पण कान गेले. आता गिऱ्हाईक आले की मुलगी त्याला माप वहीत लिहून दाखवते. आज त्याच रोगाला सहा महिन्यांचा, केवळ गोळ्यांचा उपचार आहे आणि २०२४ साली आपल्या सरकारनेही त्याला मान्यता दिली. त्यातले प्रिटोमॅनिड हे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर करून घेतले ते एका ना-नफा संस्थेने. दहा वर्षे आधी हे झाले असते तर त्या सुताराने आज रंध्याचा आवाज ऐकला असता.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळतो, ज्याला हल्ली सगळे एआय म्हणतात. रोज वर्तमानपत्रात त्याच्या बढाया वाचून माझ्यासारख्याला वीट आला आहे. पण औषधशोधाच्या बाबतीत काही गोष्टी खऱ्या घडल्या आहेत. २०२० साली अमेरिकेच्या एमआयटी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सुमारे अडीच हजार रेणू दाखवून संगणकाला ‘जंतू मारणारा रेणू’ ओळखायला शिकवले. मग जुन्या, बाजूला पडलेल्या औषधांच्या यादीतून त्याने एक रेणू काढून दिला. तो मुळात मधुमेहासाठी तपासला जात होता. प्रयोगशाळेत त्याने अनेक हट्टी जंतूंना मारले, क्षयाच्या जंतूलाही. पुढे त्याच पद्धतीने दहा कोटींहून अधिक रेणू चाळले. त्यातून २३ प्रत्यक्ष तपासण्यासाठी निवडले, ८ चालले, आणि २ विशेष जोरदार निघाले. दहा कोटी बाटल्या हाताने तपासायच्या तर पिढ्या गेल्या असत्या.

पण सावध राहा. प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मेला म्हणजे औषध झाले नाही. बशीत तर डेटॉलनेही मरतो. पुढे प्राणी, मग निरोगी माणसे, मग रोगी, मग हजारो रोगी, अशा पायऱ्या असतात आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर जपानच्या चिबा येथील कर्करोग संशोधकांनी लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगासाठी तीस लाख रेणू चाळले आणि २०१४ साली सात आशादायक निवडले. हे सात म्हणजे नोकरीसाठी आलेले अर्ज. नेमणूक झालेली नव्हे. तेव्हा ‘संगणकाने कॅन्सरचे औषध शोधले’ असे कोणी सांगितले तर चालू औषध बंद करून वाट पाहत बसू नका. असे रोगी मला भेटतात, म्हणून लिहितो.

इथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. रेणू चाळणे हे गहू निवडण्यासारखे काम आहे. घरोघर वाटता येते. पण मोठे एआय मुळातून शिकवणे हे लेझमीसारखे आहे. शंभर पोरे एका तालात हलली पाहिजेत. एक अडखळला की सारे पथक थबकते. तिथे यंत्रे एकाच ठिकाणी, जाड तारांनी एकमेकांना बांधलेली लागतात. अशी यंत्रे घरी नसतात. ती मोठ्या कंपन्यांच्या आणि सरकारांच्या अजस्र संगणक-केंद्रांत असतात.

यावरून माझे मत मी स्पष्टच मांडतो, पटो न पटो. या दानाचे पहिले कर्तव्य घरच्या संगणकाच्या मालकाचे नाही. ते या केंद्रांच्या मालकांचे आहे.

‘रिकामे यंत्र’ म्हणजे फुकटचे यंत्र, असा एक समज आहे. एस.टी. स्टँडवरून सुटली की रिकामी सीट वाया गेली. ती उद्यासाठी ठेवता येत नाही. तेव्हा एखाद्या गरजूला बसू दिले तर एस.टी.चे काय गेले? हा युक्तिवाद मोठ्या केंद्राला बऱ्याच अंशी लागू पडतो. कोट्यवधींची यंत्रे आणली आहेत, इमारत आहे, गारवा राखणारी यंत्रणा आहे, देखरेखीला माणसे आहेत. रात्री एखादा ताफा मोकळा पडला तर तो वेळ खरोखर वाया जातो. वीज तिथेही लागतेच, पण मुख्य खर्च आधीच झालेला असतो.

घरी मात्र तसे नाही. निजलेला संगणक आणि पूर्ण जोराने गणित करणारा संगणक यांच्या विजेत मोठा फरक असतो. चांगले ग्राफिक्स कार्ड असेल तर अडीचशे वॅटचा फरक सहज पडतो. रात्रीचे आठ तास धरले तर दोन युनिट, महिन्याला साठ. दहा रुपये युनिट धरला तर सहाशे रुपये. तुमचा दर तुमच्या बिलावर पाहा. वरच्या टप्प्यात तो याहून जास्त असेल. म्हणजे आपला हा मुलगा यंत्राचे दान करीत नसून वडिलांच्या खिशातून महिना सहाशे रुपयांचे दान करतो आहे. वाईट नाही, पण निदान वडिलांना माहीत असावे!

आणि सहाशे रुपयेच द्यायचे असतील, तर मी डॉक्टर म्हणून दुसरी जागा दाखवीन. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी क्षयरोग्यांच्या कुटुंबांवर एक मोठा अभ्यास केला; २०२३ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. निम्म्या भागात रोग्याला तर धान्य दिलेच, पण घरातल्या इतरांनाही माणशी महिना पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. आणि ज्यांत जंतू तपासणीत सिद्ध झाला अशा फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. लस नाही, एआय नाही, महासंगणक नाही. तूरडाळ! हे आकडे मी दोनदा वाचले.

म्हणून छोट्या गावातल्या छोट्या दात्याने संगणकाच्या विजेपेक्षा धान्याची पिशवी द्यावी, असे माझे ठाम म्हणणे आहे. पिशवी कुठलाही डेटा सेंटरवाला रोग्याच्या घरी आणून देणार नाही; ते काम गावानेच करायचे. उलट दहा कोटी रेणू चाळणे गावाच्या आवाक्यातले नाही; ते ज्याच्याकडे यंत्रे आहेत त्याने करावे. ज्याच्याकडे जे भरपूर आहे ते त्याने द्यावे, एवढेच.

मोठ्यांनी द्यायचे म्हटले तर वाट दिसलेली आहे. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेत सरकार, विद्यापीठे आणि कंपन्या यांनी मिळून कोविडसाठी आपापल्या महासंगणकांचा वेळ एका झोळीत टाकला. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने संशोधकांना एआयची साधने मिळावीत म्हणून प्रायोगिक योजना सुरू केली. तिच्यात एनव्हिडिया कंपनीने ३ कोटी डॉलर आणि मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर किमतीची मदत जाहीर केली. आपल्या केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया एआय’ मोहिमेला सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले आणि २०२५ पर्यंत ३४ हजारांहून अधिक जीपीयू, म्हणजे एआयची खास यंत्रे, सवलतीच्या दराने उपलब्ध करून देण्याची सोय झाली. त्यातले किती तास क्षय, कुष्ठ, काळा आजार, सर्पदंश यांच्या वाट्याला येतात ते दर वर्षी जाहीर व्हावे, अशी माझी मागणी आहे. जाहीर केले म्हणजे कोणी तरी विचारणार.

दोन अटीही घालाव्याशा वाटतात. पहिली, दान उरलेसुरले नसावे. ‘आमचे गिऱ्हाईक नसेल तेव्हा वापरा, आले की उठा’ अशा सीटवर बसून लांबचा प्रवास होत नाही. मंगळवारच्या शस्त्रक्रियेला रक्त मंगळवारी लागते. दात्याला सवड होईल तेव्हा नव्हे. म्हणून ठराविक तास आधी कबूल करावेत. दुसरी, दानातून जे निघेल ते सर्वांना खुले असावे. लोकांच्या यंत्रावर शोधलेल्या रेणूवर उद्या एखाद्या कंपनीने मालकी सांगून त्याच लोकांना चौपट भावाने विकला, तर ते दान कसले? आपल्याकडे याची चांगली परंपरा आहे. २००८ साली सीएसआयआरने क्षयासाठी खुल्या औषधसंशोधनाचा प्रकल्प काढला, तेव्हा देशभरच्या शेकडो विद्यार्थ्यांनी क्षयजंतूच्या सुमारे चार हजार जनुकांची माहिती मिळून जुळवली. तिथे रिकामे यंत्र नव्हे, तर पोरांचा रिकामा वेळ दान झाला होता, आणि फळ सर्वांसाठी खुले होते.

ज्यांची मुले पुण्या-बंगळुरात किंवा पार अमेरिकेत अशा कंपन्यांत नोकरीला आहेत, त्यांनी सुट्टीत मुले घरी आली की जेवताना जरूर विचारावे, तुमच्याकडे रात्री रिकामी पडलेली यंत्रे किती, आणि ती कोणाला देता का? साहेबाने विचारले तर तो अहवाल मागतो. आईने विचारले तर उत्तर द्यावे लागते.

पत्रलेखकांच्या मुलाला बंद करायला सांगू नका. तो या वयात यात रस घेतो आहे ही चांगली गोष्ट आहे. इतर वेळी पोरे रात्री जागून काय करतात ते आपण जाणतोच. फक्त प्रोग्रॅम मूळ संस्थेच्याच ठिकाणाहून घेतलेला असावा. ‘संशोधनाला मदत करा’ म्हणत कोणी ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागितला तर तो चोर समजावा. कॉलेजच्या किंवा कचेरीच्या संगणकावर लेखी परवानगीशिवाय असला प्रोग्रॅम चढवू नये. लॅपटॉप गादीवर ठेवून रात्रभर चालवू नये, तो तापतो. मे महिन्यात तर विश्रांतीच द्यावी, यंत्रालाही आणि वीजबिलालाही.

आणि धान्याच्या पिशवीविषयी ज्यांना विचारायचे असेल त्यांच्यासाठी : २०२२ पासून केंद्र सरकारची ‘नि-क्षय मित्र’ योजना आहे. कोणीही नागरिक, मंडळ किंवा पतसंस्था एक किंवा अधिक क्षयरोग्यांच्या पोषण आहाराची जबाबदारी घेऊ शकते. रोग्याची संमती मात्र लागते. रोग्याच्या खात्यात सरकारकडून नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये जमा होतात, त्याच्या जोडीला ही मदत. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात क्षयरोगाचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटा, तो नाव नोंदवून देईल. जाताना तूरडाळ न्यायची गरज नाही. यादी तिथे मिळते.